सासूबाईंच्या बोलण्यावर वाढलेलं मशीन

राइस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग कसा साचतो, हे गोंदियात कोणाला सांगायला नको. तो मुद्दाम कोणी साठवत नाही. माणसं तांदळाच्या मागे असतात, आणि एक दिवस मागचं दार उघडावं तर समोर डोंगर! आमच्या खोलीतल्या किश्श्यांचं तसंच झालं. आम्ही सगळे वाक्यांच्या मागे होतो, किस्से मागे साचत गेले.

ही खोली गोंदियाच्या बाजारात, एका सेठजींच्या धान्याच्या दुकानावर होती. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर. काळ दोन हजार दहाच्या अलीकडचा-पलीकडचा. मी नुकतीच लग्न होऊन नागपूरहून गोंदियाजवळच्या मुर्री गावात आले होते. नवरा, प्रशांत, आमगावच्या कॉलेजात शिकवायचा. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, म्हणजे आई.

आमचं काम सांगायला सोपं, समजावायला अवघड. वाक्य घ्यायचं आणि त्यातला कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे ते स्क्रीनवर फांद्या काढून दाखवायचं. अशी हजारो वाक्यं झाली की मशीन मोजतं, कोणती फांदी कशी फुटते आणि किती वेळा फुटते. जे वारंवार दिसलं त्याला जास्त वजन, क्वचित दिसलं त्याला कमी. मग नवं वाक्य आलं, ते पाच तऱ्हांनी जोडता येत असलं, तर मशीन वजनांचे गुणाकार करतं आणि जी जुळणी सर्वांत संभाव्य ती निवडतं. आमचे बोरकर सर म्हणायचे, "त्याला भाषा येत नाही गं. त्याला लोकांच्या सवयी मोजता येतात."

सर मूळचे आमगावचे. संख्याशास्त्र शिकवण्यात अर्धं आयुष्य बाहेर काढून परत आलेले. त्यांना एका वर्षाची मंजुरी मिळाली होती. वर्षाच्या शेवटी बाहेरून समिती येणार, आणि आमच्या जिल्ह्यातलं बोलणं मशीनला समजलं तर खोली पुढे चालणार. नाही समजलं तर कॉम्प्युटर पुण्याला जाणार. कॉम्प्युटर गेले की माझी नोकरीही गेली. नागपूरची बरी नोकरी मी याच खोलीच्या भरवशावर सोडली होती. गोंदियात या कामाची दुसरी खोली नव्हती, आणि मला दुसरं काम येत नव्हतं.

*

आमच्या कामाचा एक कडक नियम होता. एकच वाक्य दोघींनी वेगवेगळं सोडवायचं, एकमेकींचं पाहायचं नाही, विचारायचं नाही. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते भरवशाचं.

माझी जोडीदार कल्पनाताई पटले. पवार समाजातली, दोन मुलांची आई, जिल्ह्यातल्या तीन बोली अस्खलित बोलणारी. गप्प बसणं हा तिला शारीरिक त्रास होता. म्हणून सरांनी आमची टेबलं पाठीला पाठ लावून ठेवली होती.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी पाहायला सेठजी रोज वर यायचे. रोज पाहायचे: दोन बाया, एकमेकींकडे पाठ, शब्द नाही. आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग सर दोन दिवस नागपूरला गेलेले पाहून ते कचोरीची एकच प्लेट घेऊन वर आले आणि ती आमच्या मधोमध ठेवून म्हणाले, "बिटिया, एक ही कमरे में बैठना है। जो हुआ सो हुआ, अब मन साफ कर लो।"

मी समजावायला तोंड उघडलं. कल्पनाताईने माझा हात दाबला. "नाही म्हणलं तं त्यायले वाईट वाटल," ती कुजबुजली. मग आम्ही न झालेल्या भांडणाची तडजोड केली आणि कचोरी खाल्ली. सेठजींना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानातल्या हमालाला बोलावून आमची टेबलं समोरासमोर करून दिली.

सर परत आले तेव्हा आमची उत्तरं एकाएकी भलतीच जुळायला लागली होती. त्यांनी आकडे दोनदा पाहिले. "इतकं एकमत नवरा-बायकोतही नसतं," म्हणाले, आणि टेबलं पुन्हा फिरवली.

दुसऱ्या दिवशी सेठजी वर आले, दारातच थांबले. "फिर हो गया क्या?"

*

आमच्याआधी पुण्यात जे काम झालं होतं ते सगळं वर्तमानपत्रांवर. सहज मिळणारी वाक्यं ती. मशीन दोन वर्षं तेच खाऊन वाढलेलं.

हे मशीन उलटंही चालवता येतं. वजनांप्रमाणे फांद्या निवडत जा म्हटलं की ते स्वतःची वाक्यं रचतं. एका दुपारी सरांनी ते सुरू केलं आणि आम्ही वाचायला बसलो.

"माजी सभापतींच्या हस्ते रस्त्याचे सांत्वन करण्यात आले."

"यावेळी तलाव बहुसंख्येने उपस्थित होते."

"प्रास्ताविक विहिरीने केले."

कल्पनाताई खुर्ची मागे घेऊन म्हणाली, "हा तं निवडणुकीले उभा राहून राहिला सर!"

मग तिने स्वतःचं एक वाक्य टाईप केलं, बसमध्ये रोज म्हणतो तसलं: भाऊ, जरा तिकडे सरक ना, बसू दे. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं आणि शेवटी काहीच उत्तर दिलं नाही.

सर हसत होते, पण त्यांच्या कपाळाला आठी होती. "समिती काय विचारणार माहीत आहे? भूमिपूजन नाही विचारणार. हे 'जरा सरक'च विचारणार."

त्या दिवसापासून आम्ही रेकॉर्डर घेऊन लोकांचं बोलणं गोळा करायला बाहेर पडलो.

*

पहिली स्वारी नवेगाव बांधला. तिथल्या मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांचं नाव आम्हाला चार जणांनी सुचवलं होतं. तळ्याच्या काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते. आम्ही पोचल्यापासून बोलत होते: कोणता मासा कोणत्या वाऱ्याला कुठे जातो, कोणत्या जावयाला पोहता येत नाही, सगळं. आम्ही हरखून गेलो. संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला, रेकॉर्डर समोर ठेवला, लाल दिवा लागला.

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. टोपी सरळ केली. छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या गावात तलाव आहे. तलावात पाणी आहे. पाण्यात मासे आहेत."

बंद केलं की गंगा वाहायची. सुरू केलं की चौथीचं पुस्तक. तीनदा करून पाहिलं. शेवटी कल्पनाताई थकून म्हणाली, राहू द्या, जेवून घेऊ. बाबांच्या सुनेने भात आणि माशाचं कालवण वाढलं. रेकॉर्डर माझ्या पिशवीवर तसाच पडला होता, आणि मी तो बंद करायला विसरले होते.

लक्षात आलं तशी मी उठले. मी बाबांना जाऊन सांगितलं, की जेवतानाचं सगळं यात आलं, तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते. बाबांनी विचार केला. मग म्हणाले, "राहू दे. पण त्या मत्स्यसंस्थेच्या अध्यक्षाले जेवढ्या शिव्या देल्या, तेवढ्या काढ."

आम्ही शब्द पाळला. शिव्या काढल्या. सर नंतर हळहळत होते. सगळ्यांत सुरेख गुंफलेली वाक्यं त्यातच होती.

*

मुर्रीत मला वाटलं होतं सोपं जाईल, आपलंच गाव. उलट झालं. मी रेकॉर्डर घेऊन शेजारी गेले की बाया पदर सारखा करून "नमस्कार, माझे नाव" सुरू करायच्या. मी नवी सून, नागपूरची, वर कमी बोलणारी. माझ्यासमोर घरचं बोलणं कोण काढणार? दोन आठवड्यांत माझ्याकडे चाळीस स्त्रियांची नावं आणि त्यांच्या मुलांची शिक्षणं जमली होती.

आईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्यात तेव्हा फार बोलणं नव्हतंच. त्या बोलायच्या, मी "हं" म्हणायची. पण प्रशांतने सांगितलं असावं. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. आई सकाळी पातळ खोचून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाल माह्यासंगं. ते डब्बी घे. अन् तू काही विचारू नको कोणाले."

बांधीच्या धुऱ्यावर त्यांनी मला बसवलं. बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं बांध घातलेलं शेत, आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. चिखलात वाकलेल्या बारा-तेरा बायांना त्यांनी आधी खणखणीत सांगितलं: ही माही सून हाय, आपलं बोलणं ह्या डब्बीत घेऊन राहिली, कॉम्प्युटरले शिकवाले. ज्याले नसन चालत त्यानं आत्ताच सांगा, मंग घरी येऊन रडू नका. कोणी नाही म्हटलं नाही. एकीने विचारलं, डब्बी फोटो काढते का. नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

आणि मग आई सुरू झाल्या. कोणाची रोपं वाकडी, कोणाच्या पोरीचं जमत कसं नाही, गेल्या वर्षी भाजीत मीठ कोणी विसरलं. ज्या बाईवर रोख गेला ती उसळून उत्तर द्यायची, तिला तिसरी चिडवायची, आणि पाच मिनिटांत डब्बी सगळ्या विसरल्या. मी धुऱ्यावर गप्प बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्याचा पगार मिळत होता.

पावसाळा संपेपर्यंत आईंनी मला पूर्ण मुर्री फिरवली. विहार, पिठाची चक्की, बचत गटाची बैठक. मग त्यांना चटकच लागली. बाजारात आल्या की आमच्या जिन्याखालच्या चहावाल्याला, सेठजींना, सेठजींच्या हमालांना बोलतं करून त्यांचे फॉर्मही स्वतः भरून घ्यायच्या. कल्पनाताईलाही सोडलं नाही. माणूस दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचं घेतलं का?"

*

दर शुक्रवारी आमच्याकडे निवाडा असायचा. जिथे माझं आणि कल्पनाताईचं उत्तर वेगळं, ती वाक्यं काढून दोघींनी आपापली बाजू मांडायची आणि एक उत्तर पक्कं करायचं.

एका शुक्रवारी सरांना ताप होता. आम्ही दोघीच. वीसेक वाक्यं होती. कल्पनाताईला घरी पाहुणे येणार होते, ती उठायच्या घाईत. "अवं, माह्या बोलीतले वाक्यं हायत. मले नाही समजन तं कोणाले समजन? सगळे माहेच ठेव."

त्यात एक वाक्य शेजारच्या शांताबाईंचं होतं. काठीनं वांगे खाणाऱ्या कोंबड्या हाकलल्या. शांताबाईंनी काठीने हाकलल्या, हे उघड आहे. घाईत कल्पनाताईने काठी खाण्याला जोडली होती. मला दिसत होतं. पण मोठीला कसं टोकायचं, म्हणून मी "हं" म्हटलं आणि वीसच्या वीस वाक्यं तशीच पक्की झाली.

पुढचे दोन आठवडे आमचं मशीन विचित्र वागायला लागलं. हत्यार दिसलं की ते जवळच्या प्राण्याच्या हातात द्यायचं. बैल कुऱ्हाडीने चारा खात होते, शेळ्या विळ्याने पाला तोडत होत्या. सरांनी मागे मागे शोधत जाऊन काठीवाल्या कोंबड्या गाठल्या आणि माझं मूळ उत्तरही काढलं.

ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "शीतल, तू बरोबर होतीस आणि गप्प बसलीस. घरी गप्प बसलीस तर ते दोन माणसांत राहतं. इथे त्याला वजन मिळतं."

कल्पनाताईने मात्र ते फार उदारपणे घेतलं. पुढच्या शुक्रवारी खुर्ची माझ्यासमोर ओढून बसली आणि म्हणाली, "चाल, भांड माह्यासंगं. मी तिकडे पाहातो, तुले लाज वाटन तं."

इकडे बायाही 'पाहातो'च म्हणतात. ती खरंच तोंड फिरवून बसली. तिच्या वेणीकडे पाहत मी आयुष्यातला पहिला वाद घातला आणि अकरापैकी सात वाक्यं जिंकले. घरी मात्र "हं" तसाच चालू राहिला.

*

मशीनची एक मोठी खोड होती. जे त्याने कधीच पाहिलं नाही, त्याचं वजन शून्य. आणि गुणाकारात एक शून्य आलं की अख्खं वाक्य शून्य. बाकी सगळं कितीही ओळखीचं असो, एक अनोळखी फांदी आली की मशीन हात वर करायचं.

यावरचा उपाय सरांनी फळ्यावर दोन तास समजावला. ओळखीच्या प्रत्येकाच्या वाट्यातून चिमूटभर काढायचं आणि जे अजून पाहिलेलं नाही त्याच्या नावाने बाजूला ठेवायचं. ते कोण असेल, कधी येईल, माहीत नाही. पण आलं तर त्याला शून्य मिळता कामा नये. किती काढायचं यावर जगभर मोठमोठी माणसं झगडतात, असं सर म्हणाले.

मला ती कल्पना इतकी आवडली की त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होत्या तिथे बसून मी त्यांना सांगितली. आमच्या दोघींमधलं ते माझं पहिलं स्वतःहून काढलेलं बोलणं असेल. अडखळत, निम्मं खुणांनी.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तिघांच्या मापाचे तांदूळ पातेल्यात ओतले आणि रोजच्यासारखी वर एक मूठ टाकली. येणाऱ्याची.

"एवढ्यासाठी कॉम्प्युटर लागते?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, "एकच मूठ? रोज? माणसं कितीही असोत?" मी हो म्हटलं. सर आपल्या टेबलाशी जाऊन बराच वेळ काहीतरी खोडत बसले.

*

हिवाळ्यात नव्या बोलण्यावर शिकवलेलं मशीन सरांनी पुन्हा उलटं चालवलं. वर्तमानपत्रांचं वजन कमी केलेलं, मुर्री-नवेगावचं वाढवलेलं. पहिलं वाक्य आलं आणि मी खुर्चीत ताठ झाले.

"जेवाले ये, मंग सांगतो तुले."

दुसरं: "तुह्या मायनं हेच शिकवलं का रोवणा कराले?"

तिसरं: "असा काऊन उभा हाय, बस ना."

प्रत्येक वाक्यात हुकूम, नाही तर टोमणा. कल्पनाताईने टाळी वाजवली. "बाप्पा! हे तं तुही सासू हाय!"

खरंच होतं. गोळा केलेल्या बोलण्यात सर्वांत जास्त आवाज आईंचा, त्यामुळे सर्वांत जास्त वजनही त्यांचंच. सर तिसऱ्या वाक्यापर्यंत उभेच होते. ते वाचून हळूच बसले.

*

समिती जानेवारीत आली. तिघं जण, प्रमुख एक पन्नाशीच्या बाई, शांत, चष्म्यावरून पाहणाऱ्या. सकाळी त्यांनी स्वतः आणलेली बंद पाकिटातली वाक्यं मशीनला घातली. बरी गेली. काही उत्तम, काही पडली. बाई ना हसल्या, ना रागावल्या. दुपारी म्हणाल्या, आता एक शेवटचं. इथला, इथलं बोलणारा कोणीही माणूस आणा, त्याला आमच्यासमोर एक लांब वाक्य बोलू द्या. आणखी एक अट: ज्याचं बोलणं मशीनला शिकवलंय, तो माणूस चालणार नाही. त्याच्याच शिकवणीवर त्याचीच परीक्षा, याला अर्थ नाही.

अट रास्त होती. सर स्वतः आम्हाला हेच शिकवत आले होते. कल्पनाताई जिना उतरून गेली आणि सेठजींना घेऊन आली. सर यादी पाहून म्हणाले, हे आहेत यात. चहावाला आला, तोही होता. चार हमाल होते. समोरचा शिंपी होता. औषधाच्या दुकानातला माणूस दारातूनच म्हणाला, "माहं तं दिवाळीतच घेतलं ना बाईनं."

आईंनी बाजार धुऊन काढला होता.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर चालू झाला, पण त्याचा भरवसा अर्ध्या तासाचा. समितीची गाडी साडेचारची. सर कपाळ पुसत होते. कल्पनाताई खिडकीतून रस्त्यावरची माणसं पाहत होती आणि एकेकाला ओळखून मान हलवत होती. मला दिसत होतं की खोली आता जाणार, ती मशीन बिघडलं म्हणून नाही, आमच्या हाती माणूस उरला नाही म्हणून.

आणि जिन्यावर आई आल्या. मी सकाळी भीतीने न जेवता निघाले होते म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. "जयभीम," त्यांनी सगळ्यांना एकत्रच म्हटलं. समितीच्या बाईंचा चेहरा उजळला. या आहेत की, या बोलतील, त्या म्हणाल्या.

 सरांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. यादी त्यांच्या हातात होती. पण सर म्हणाले, "नाही मॅडम. या चालणार नाहीत. मशीन यांच्यावरच वाढलंय."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "या?"

सरांनी यादी पाहिली. मग कॉम्प्युटरवर शोधलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच दारातून आत आले. "शीतलचं एक वाक्यही नाही," ते हळू म्हणाले. "वर्षभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ही हजर आहे. पण हिचं नुसतं 'हं' आहे. त्याला फांद्या नसतात, आम्ही घेतलंच नाही."

मला खुर्चीवर बसवलं. समोर फॉर्म आला: नाव, वय, जन्मगाव, सध्याचं गाव. भरला. बाई म्हणाल्या, घरी बोलता तसं बोला, जरा लांब, काहीही. कल्पनाताई टाईप करायला बसली. इन्व्हर्टर टिक् टिक् करायला लागला होता.

आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. सगळे पाहत होते. वर्षभर मी ज्यांची वाक्यं सोडवली त्यातली कितीतरी माणसं दारात दाटीने उभी होती.

"बोल ना वं," आई म्हणाल्या. "काऊन गप हाय? माही काळजी नको करू, मी सकाळपासून अशीच हावो, पाण्यावर."

म्हणजे मी जेवले नाही म्हणून त्याही जेवल्या नव्हत्या. मला काय झालं कोण जाणे. मी मागे वळले.

"आई, तुमी जर सकाळपासून उपाशी असान, तं मी ह्यायच्यासंगं बोलत बसतो तवरी तुमी तो डबा उघडा अन् मुकाट्यानं दोन घास खाऊन घ्या, मंग मी पाहातो माहं काय होते ते."

 कल्पनाताईची बोटं भराभर चालत होती. समितीतल्या एकाने कागदावर स्वतः जुळणी काढायला घेतली, अडला तिथे दुसऱ्याने सेठजींना अर्थ विचारला. मशीनला बराच वेळ लागला. मग स्क्रीनवर फांद्या उमटल्या, एकेक करत, शेवटच्या शब्दापर्यंत. बाईंनी कागद स्क्रीनशेजारी धरला. बोटाने वरून खाली गेल्या. पुन्हा वरून खाली गेल्या.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

मशीनच्या आधीच आईंना समजलं होतं. त्या स्टुलावर बसून डबा उघडून खात होत्या, मुकाट्याने.

बाईंनी माझा फॉर्म सहीसाठी ओढला आणि त्यांचं पेन जन्मगावाच्या रकान्यापाशी थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.  मी खरं तेच लिहिलं होतं. मग बाई आईंकडे वळल्या.

"अट इथल्या माणसाची होती. ही तुमची सून तर नागपूरची आहे ना?"

आईंनी हातातला घास आधी खाल्ला.

"होती," त्या म्हणाल्या.

बाईंनी सही केली.